नाळेवरचा आकडा

जुन्या लाकडी कनूच्या, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या निमुळत्या होडीच्या, जाणकारासमोर एखादी कनू ठेवा. तो तिचा रंग पाहणार नाही, लांबीही मोजणार नाही. गुडघे टेकून, डोकं आत खुपसून तो तिच्या टोकाशी अगदी तळाला बोटं फिरवील. दोन्ही टोकांना आतून एक जाड, वाकवलेलं लाकूड असतं. आपल्या कोकणात त्याला नाळ म्हणतात. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ‘ओल्ड टाउन’ कंपनीची कनू असेल, तर या नाळेच्या आतल्या अंगावर ठोकून उमटवलेला एक आकडा असतो आणि थोडी जागा सोडून दुसरा, दोन अंकी. पहिला अनुक्रमांक, दुसरी फुटांतली लांबी. पुढे आहे तोच आकडा मागच्या टोकालाही असतो. लाकूड बहुधा टोकांपासूनच कुजतं, त्यामुळे ही दुबार नोंद शंभर वर्षांनी चांगलीच उपयोगी पडते.

माझ्या गॅरेजमध्ये आहे ती कनू आमच्या रस्त्यावरच्या एका आजींची. बॉस्टनच्या पश्चिमेला, चार्ल्स नदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आम्ही राहतो. घर विकायचं ठरल्यावर आजींनी वर्षानुवर्षं छताला टांगलेली ही वस्तू खाली उतरवली आणि गिऱ्हाईक म्हणून माझ्याकडे पाहिलं. ‘‘अठराशे नव्वदच्या सुमाराची आहे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘इंडियन लोकांनी हातानं बांधलेली. माझ्या सासऱ्यांनी सासूबाईंना हिच्यातच बसवून मागणी घातली, या इथल्या नदीवर.’’ इतकं सगळं एका दमात सांगून त्यांनी जी किंमत सांगितली ती इतकी माफक होती, की या तिन्ही गोष्टींवर त्यांचा स्वतःचा तरी कितपत विश्वास होता कोण जाणे. आपल्याकडे ज्याला त्याला आपलं घराणं पेशवाईपर्यंत नेऊन भिडवायचं असतं, तसं इथे प्रत्येक जुनी कनू इंडियन, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, हातची आणि एकोणिसाव्या शतकातली असते.

मला ती घासून, रंगवून पाण्यात सोडायची होती. पण माझं उभं आयुष्य औषधांच्या प्रयोगशाळेत गेलं. नमुना विरघळवायच्या आधी त्याचं वजन, रंग, वास सगळं टिपून ठेवायचं, कारण एकदा विरघळला की तो प्रश्न विचारण्यापलीकडे जातो. ही सवय हाडात मुरलेली. जुन्या लाकडी वस्तूची दुरुस्ती हाही एक विरघळवण्याचाच प्रकार आहे. आतलं व्हार्निश खरवडलं की आकडा पुसट होतो. बाहेरचा कॅनव्हास उतरवला की रंगांचे थर गेले. एक चूक उपटली, की ती कुणी आणि का ठोकली हे विचारायची सोय राहत नाही. म्हणून आधी चौकशी आणि मग रंधा, असं मी ठरवलं. ‘‘म्हणजे ही वर्षभर इथेच,’’ असं नवरा म्हणाला. त्याची गाडी तेव्हापासून बाहेर उभी असते.

या प्रकारच्या कनूची घडण आधी सांगायला हवी. सीडरच्या पातळ पट्ट्या वाफेवर मऊ करून एका भरीव लाकडी साच्यावर वाकवतात. या झाल्या बरगड्या. त्यांच्यावर लांबीनं सीडरच्याच फळ्या, जेमतेम चार मिलिमीटर जाडीच्या, पितळी चुकांनी ठोकतात. साच्यावर प्रत्येक बरगडीच्या खाली लोखंडी पट्टी असते. चुकेचं टोक लाकडातून आरपार जाऊन त्या पट्टीवर आपटतं, उलटं वळतं आणि बरगडीत परत रुततं. म्हणजे ठोकणाऱ्याच्या एका घावात खिळा बसतोही आणि आतून वाकतोही. मग सगळ्यावर सुती कॅनव्हास ताणून बसवायचा, त्याच्या विणीत अळशीचं तेल आणि दगडाची बारीक भुकटी यांचं भरण चोळायचं, ते वाळलं की रंग. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येईल की काय याची चिंताच नाही, कारण पाणी अडवतो तो कॅनव्हास. लाकूड फक्त आकार देतं.

हे तंत्र मेनमधल्या पनॉबस्कॉट नदीच्या काठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीसेक वर्षांत पक्कं झालं. बँगोरचा ई. एच. गेरिश हा अशा कनू विकण्यासाठी बांधणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी. मग नदीकाठच्या गावांत कारखानेच निघाले. त्यांतल्या प्रत्येकाची काही ना काही खूण राहून गेली आहे. व्हीझी गावातल्या बी. एन. मॉरिसच्या कनूत बरगड्यांची वरची टोकं निमुळती करून काठाच्या आतल्या पट्टीतल्या खाचांत बसवलेली असतात. आकडाही नाळेवर नसतो, काठाच्या पट्टीवर ठोकलेल्या एका चिमुकल्या पितळी बिल्ल्यावर असतो. फार देखणं काम. पण 1919 मध्ये मॉरिसचा कारखाना जळाला आणि नोंदवह्याही गेल्या. त्यामुळे बिल्ला हाती असला, आकडा वाचता आला, तरी तो दाखवायचा कुणाला? मॉरिसच्या कनूचं वय आज तिच्या अंगावरच्या खुणांवरून अजमावावं लागतं.

ओल्ड टाउनचं तसं झालं नाही. या कंपनीने प्रत्येक कनूचं एक कार्ड ठेवलं आणि ती कार्डं वाचली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांपासूनची ती कार्डं, दोन लाखांच्या आसपास, आता स्कॅन झालेली आहेत. ‘वुडन कनू हेरिटेज असोसिएशन’ नावाची संस्था 1979 पासून अशा कनूंचा सांभाळ करते. तिथल्या हौशी मंडळींना आकडा कळवला की ते आपल्या वेळेचा पैसाही न घेता कार्ड शोधून देतात. कारखान्याच्या हिशेबनिसाने स्वतःच्या सोयीसाठी केलेलं काम, त्याच्या नातवंडांच्याही पुढच्या पिढीला असं कामी येईल हे त्याला कुणी सांगितलं असतं तर त्यानं वेड्यात काढलं असतं.

माझ्या कनूच्या नाळेवर व्हार्निश, वाळू आणि कसलातरी काळा चिकटा यांचं किटण बसलं होतं. ते खरवडायचं नाही, एवढं मनाशी पक्कं होतं. मऊ ब्रश, चिंधी, थोडं स्पिरिट. मग गॅरेज अंधारं करून टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरला, तेव्हा ओरखड्यांतून अंक वर आले. पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. पाच आकडी संख्या आणि 17. मधला एक अंक तीन की आठ, ते काही केल्या कळेना. तर मागच्या नाळेवर नेमका तोच अंक स्वच्छ होता आणि त्याच्या शेजारचे दोन कुजून गेले होते. दोन्ही टोकं मिळून एक आकडा पुरा झाला.

कार्ड आलं ते 1922 चं. म्हणजे आजींचं अठराशे नव्वद गेलं. त्याबद्दल फार काही बोलण्यासारखं नाही.

कार्ड मात्र वाचत बसावं असं होतं. लांबी सतरा फूट. प्रत ‘सीएस’, म्हणजे महोगनीच्या ‘एए’ प्रतीपेक्षा साधी: काठाला स्प्रूसच्या पट्ट्या, टोकाच्या तिकोनी फळ्या आणि बैठकी अॅशच्या. फळ्या पश्चिमेकडच्या तांबड्या सीडरच्या. रंग गडद हिरवा. एकेका टप्प्याची तारीख: आधीच्या शरद ऋतूत सुरुवात, थंडीत कॅनव्हास आणि भरण, मग व्हार्निश, आणि मे महिन्यात रवाना. उन्हाळ्यात जे विकायचं ते हिवाळ्यात बांधून ठेवायचं, हा सगळ्या मोसमी धंद्यांचा हिशेब इथेही दिसतो. आणि नमुन्याचं नाव? ‘चार्ल्स रिव्हर’.

हे वाचून मी क्षणभर खूश झाले, कारण चार्ल्स नदी आणि कनू यांचं नातं इथल्या शहराच्या इतिहासात मोठं रंगेल आहे. ऑबर्नडेलला 1897 मध्ये नॉरम्बेगा पार्क उघडलं ते ट्रॉली चालवणाऱ्या कंपनीनं. सुट्टीच्या दिवशी डबे रिकामे धावू नयेत म्हणून लाइनच्या शेवटच्या टोकाला करमणूक उभी करायची, अशी सरळ व्यापारी अक्कल. तिथल्या धक्क्यांवरून भाड्याच्या कनू निघायच्या. रविवारी दुपारी नदी कनूंनी भरून जायची. गाद्या, उशा, छत्र्या, पुढे पुढे तर ग्रामोफोनसुद्धा. त्या काळात तरुण मुलामुलीला घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नजरेआड एकत्र बसायला दुसरी जागाच कुठे होती? त्यामुळे इथल्या नदीसाठी लांब नक्षीदार डेकच्या, खास जोडप्यांच्या कनू निघाल्या, आणि कनूत चुंबन घेणाऱ्यांना दंड करण्यापर्यंत पार्कच्या पोलिसांची मजल गेली. पार्क 1963 मध्ये बंद पडलं. आजींच्या सासऱ्यांची मागणी या सगळ्यात अगदी चपखल बसत होती.

पण कार्डाच्या शेवटच्या ओळीत गाव लिहिलं होतं वुल्फबरो, न्यू हॅम्पशर. विनिपसॉकी तळ्याच्या काठचं गाव. चार्ल्स रिव्हर हे कंपनीच्या यादीतलं एका बांध्याचं नाव, आणि त्या बांध्याच्या कनू देशात कुठेही जात. ही आगगाडीने गेली उत्तरेला, डोंगरातल्या तळ्यावर. तिथे ती कुणाच्या नावावर गेली ते नावही आहे. ते मी इथे लिहीत नाही; आजींच्या सासरच्या घराण्याशी ते जुळत नाही एवढंच सांगते. मागणीचं काय? ती तळ्यावर घातली असेल. किंवा दुसऱ्या कनूत. किंवा बसच्या थांब्यावर. कार्डाला ते माहीत असण्याचं कारण नाही.

राहता राहिली इंडियन हातांची गोष्ट. ती मी सगळ्यात आधी निकालात काढली होती आणि तीच अजून संपलेली नाही.

ओल्ड टाउन गावासमोर नदीत एक बेट आहे, इंडियन आयलंड. पनॉबस्कॉट लोकांची वस्ती तिथे आहे, कारखाना यायच्या कितीतरी आधीपासून. बर्च झाडाच्या सालीची कनू ही त्यांची आणि त्यांच्या शेजारच्या इतर जमातींची. हेन्री डेव्हिड थोरो (गांधीजींमुळे आपल्याला परिचित असलेला तोच) 1857 मध्ये मेनच्या जंगलात गेला तेव्हा त्याला नेणारा वाटाड्या जो पोलिस हा याच बेटावरचा, आणि ज्या साल-कनूतून ते गेले ती पोलिसने स्वतः बांधलेली. थोरोने त्या प्रवासाबद्दल लिहिलेलं त्याच्या मृत्यूनंतर ‘द मेन वुड्स’ या पुस्तकात 1864 मध्ये आलं. त्यात पोलिस हा केवळ वल्हं मारणारा माणूस नाही, थोरोपेक्षा जंगल जास्त जाणणारा आणि तसं न लपवणारा माणूस आहे.

साल-कनू बांधतात ती बाहेरून आत. आधी जमिनीवर सालीचा पसरट तुकडा घालायचा, झाडाला चिकटलेली बाजू बाहेरच्या अंगाला येईल असा. भोवती खुंट्या मारून तो उभा करायचा, काठाच्या पट्ट्या स्प्रूसच्या मुळांनी बांधायच्या, मग आत सीडरच्या चिरफळ्या सारायच्या आणि सर्वांत शेवटी बरगड्या दाबून बसवायच्या, म्हणजे साल आतून ताणली जाते. कॅनव्हासवाल्यांनी हा क्रम उलटा केला: आधी बरगड्या, मग फळ्या, कातडं शेवटी. लाकूड तेच, बरगड्यांची ठेवण तीच, टोकाचा उचललेला बाक तोच. मोठ्या सालीची झाडं तोडून तोडून कमी झाली होती, आणि सालीऐवजी कॅनव्हास लावण्याची तडजोड आधी काठावर, जंगलात सुरू झाली. कारखान्याने त्या आकाराला साचा केला, साच्यावर लोखंडी पट्ट्या मारल्या आणि आकडे द्यायला सुरुवात केली.

आणि त्या कारखान्यांतल्या कामगारांत पनॉबस्कॉट माणसंही होती. पलीकडच्या बेटावरून येऊन ती आपल्याच आकाराच्या नावा मजुरीवर ठोकत होती. माझ्या कार्डावर लाकडाची जात आहे, रंग आहे, खरेदीदाराचं नाव आहे. ज्याने चुका ठोकल्या त्याचं नाव नाही. तेव्हा ‘इंडियन लोकांनी हातानं बांधलेली’ हे आजींचं म्हणणं खोटं, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? आकार तर त्यांचाच. हात त्यांचे असतीलही.

माझं आजोळ दाभोळच्या खाडीकाठचं. तिथे होडीबद्दल पहिला प्रश्न ‘कुणाच्या हातची?’ हाच. सुताराचं नाव सांगितलं की पुढचं सगळं ऐकणाऱ्याला कळायचं: ती वाऱ्यात कशी वागेल, भरतीला कशी वळेल, लाकडात चोरी असेल की नाही. आजोबांना बांधणीची तारीख विचारली असती तर ते हसले असते. ‘‘अगो, चौथीत होता तुझा मामा तेव्हा,’’ असलं काहीतरी मिळालं असतं. इथे नेमकं उलटं. तारीख दिवसासकट आणि माणूस गायब. मला दोन्ही हवं होतं, आणि कुठल्याही एका काठावर दोन्ही मिळत नाही.

या नदीवरची एक अलीकडची गोष्टही इथे सांगायलाच हवी. पनॉबस्कॉट राष्ट्राने अनेक वर्षं खटला लढवला, की आमच्या राखीव हद्दीत ही नदीसुद्धा येते. 2021 मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की हद्द बेटांपुरती, पाणी तुमचं नाही. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घ्यायला नकार दिला. ज्यांच्या नावेचा आकार जगभर विकला गेला त्यांचं पाणीच कायद्याने त्यांचं राहिलं नाही. मात्र व्हीझीला, जिथे मॉरिसचा कारखाना होता, तिथलं धरण 2013 मध्ये पाडलं गेलं, तेही या लोकांच्या पुढाकारानं आणि सोबतीनं. समुद्रातून वर येणारे मासे पुन्हा नदी चढू लागले आहेत.

एवढं झाल्यावर कार्ड बाजूला ठेवलं आणि कनूकडेच पाहायला बसले. 1922 च्या मे महिन्यातली ती रवानगी हा हिच्या आयुष्यातला एक दिवस. त्यानंतरची शंभर वर्षं कुठल्या कार्डावर आहेत?

ती तिच्या अंगावर आहेत. काठाची बाहेरची पट्टी सोडवली तेव्हा खाली फळीच्या वरच्या कडेला चुकांच्या भोकांच्या दोन रांगा दिसल्या. एक रांग रिकामी, भोकं स्वच्छ. दुसरीत चुका तशाच होत्या, पण लोखंडी, गंजलेल्या, प्रत्येकीभोवती सीडरवर काळा डाग. म्हणजे मूळ कॅनव्हास एकदा काढून दुसरा चढवला गेला आहे, आणि तो चढवणाऱ्याकडे पितळ नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात पितळ मिळत नव्हतं म्हणून? की नुसता कंजूष होता? दोन्ही शक्य आहे. मी त्याला ‘तो’ म्हणते आहे तेही सवयीने.

त्याचं, किंवा तिचं, काम आणखी एका ठिकाणी सापडलं. मधल्या बैठकीच्या जरा मागे, डावीकडे, लागोपाठ दोन बरगड्या तडकलेल्या. खडकावर आपटली असणार, कारण तडा आतल्या बाजूने उघडा आहे. कॅनव्हास उतरवल्यावर तिथे फळीऐवजी पत्रा निघाला. कसल्यातरी डब्याचा, कात्रीने कापून ठोकून सपाट केलेला. कडा हातोडीने मुडपलेल्या होत्या, कॅनव्हासला कापू नयेत म्हणून. पत्र्याच्या आतल्या अंगावर तांबड्या रंगाचा पट्टा आणि एका सोनेरी अक्षराचा अर्धा पाय. भोवतीच्या चुका जोड्याच्या, चांभाराच्या. त्यांची टोकं नीट वळवलेली नव्हती. दोन-तीन टोकं मात्र मन लावून वळवण्याचा प्रयत्न केलेला होता आणि मग कंटाळा आलेला दिसत होता. कारखान्याच्या एका घावाच्या शेजारी या पाच-सहा घावांच्या खळग्या पाहताना मला त्या माणसाबद्दल माया वाटली. तळ्याकाठी, सुट्टी संपायच्या आत, घरात होतं नव्हतं त्यातून केलेली दुरुस्ती. ती टिकली किती? निदान साठ-सत्तर वर्षं.

कॅनव्हास उतरवायच्या आधी रंगांचे थर पाहायला मी एक छोटासा गोल ओल्या सॅंडपेपरने हळूहळू घासला. कोरडा घासायचा नाही. 1978 पूर्वीच्या रंगात शिसं असू शकतं आणि जुन्या भरणात तर पांढरं शिसंच. मास्क लावून, पाणी घालून, पुसून पुसून. बाहेरून आत कड्या दिसू लागल्या: फिकट हिरवा, अॅल्युमिनियमचा चंदेरी, मग तांबडा, तांबडा, पुन्हा तांबडा. खाली भरण. गडद हिरवा कुठेच नाही. बरोबरच आहे, हा कॅनव्हास दुसरा. 1922 चा हिरवा सापडला तो तळाच्या कण्याच्या फटीत, नखाएवढा.

आजींना विचारलं. त्या आता मुलीकडे राहतात, फोनवर म्हणाल्या, ‘‘लाल होती. लग्न होऊन आले तेव्हापासून लालच. मग आमच्या ह्यांनी ती चंदेरी केली आणि मला बिलकूल आवडली नाही.’’ वर्ष आणि बहुधा नदीही ज्यांच्या तोंडून चुकीची निघाली त्यांची रंगाची आठवण थरांशी तंतोतंत जुळली. आपण ऐकलेल्या गोष्टी फिरतात, पाहिलेल्या गोष्टी राहतात, असं म्हणायचा मोह होतो. पण आजींच्या चंदेरीवरच्या रागाचाही त्यात मोठा वाटा असावा.

आता कनू पुन्हा लाल करायची की नाही, यावरून लेकीचं आणि माझं वाजलं आहे. ती स्थापत्य शिकते आणि जुन्या इमारती मूळ स्थितीत आणण्याबद्दल तिची ठाम मतं आहेत. ‘‘आई, कार्डावर डार्क ग्रीन लिहिलंय. पुरावा आहे तुझ्याकडे. मग लाल कशासाठी?’’

तिचं बरोबर आहे आणि जाणकारांचाही कौल तिच्याच बाजूने पडेल. पण मला वाटतं, कार्ड पाहिलं की आपण नकळत कारखान्याची बाजू घेतो. माल गेटाबाहेर पडला तो दिवस हा कारखान्याच्या लेखी शेवटचा, आणि आपण तोच पहिला मानून सगळं तिथे नेऊन ठेवायला निघतो. तिच्या तळ्यावरच्या आयुष्याचा मोठा भाग लाल रंगात गेला. कुणीतरी तीनदा तीच छटा आणली, म्हणजे तो रंग कुणाला तरी हवा होता. गडद हिरवा कंपनीच्या यादीतून निवडला गेला आणि तो निवडणाऱ्याची मला एक सहीसुद्धा माहीत नाही. म्हणून लाल. लेक म्हणाली, ‘‘म्हणजे तुला आवडतो म्हणून.’’ तेही आहेच.

पत्रा मात्र राहणार नाही. तो गंजतो आहे आणि नव्या कॅनव्हासला आतून डाग पाडील. तिथे सीडरची फळी बसवायची, तडकलेल्या दोन बरगड्या वाफवून नव्या घालायच्या, आणि चुका पितळी. वाकवणीसाठी साचा माझ्याकडे नाही, तेव्हा धड असलेल्या शेजारच्या बरगड्यांवरच बाहेरून नवी वाकवून घ्यायची; दुरुस्तीवाले तसंच करतात. ठोकताना आतून एकाने जड लोखंडी ठोकळा धरायचा, दुसऱ्याने बाहेरून घाव घालायचा. घरात हे काम नवऱ्याला जमेल असं मला वाटत होतं. त्याने पहिल्या संध्याकाळी ठोकळा धरला आणि दोन चुकांनंतर विचारलं, की आत तूच धरतेस का, तू मारतेस ते माझ्या हातावर येतंय.

नाळेच्या कुजक्या टोकाला नवा तुकडा जोडावा लागेल. मागच्या नाळेवरचे ते कुजके दोन अंक त्यात जातील. पुढच्या नाळेवर ते आहेत, पेन्सिलने घासलेला कागदही आहे, तेव्हा जाऊ देत. नव्या लाकडावर मी आकडा ठोकणार नाही. तो कारखान्याचा हक्क. जुना तुकडा, पत्रा आणि चांभारी चुका एका पाकिटात घालून कुणी, कधी, काय काढलं ते वर लिहून ठेवलं आहे. पुढच्या दुरुस्तीवाल्याला त्यात काय सापडेल ते त्याचं त्याने पाहावं.

दहा नंबरचा कॅनव्हास येऊन पडला आहे. भरण आता शिशाचं मिळत नाही, सिलिकाचं मिळतं. ते चोळून झाल्यावर नीट वाळायला महिनाभर लागतो आणि त्यानंतर रंगाचे हात, एकेक वाळवून. नवऱ्याने काल कॅलेंडर काढून मोजलं आणि विचारलं, की पहिल्या बर्फाआधी गाडी आत येईल का. बर्फाचं फावडं कुठे ठेवलंय ते मी त्याला सांगितलं.